दुसऱ्या पानावरची हरकत

भिंगकाकांना राग येतो, हे विद्यापीठात कुणाला ठाऊक नव्हतं. कारण तो रोज यायचा आणि काका तो रोज जेवणाच्या डब्याबरोबर घरी घेऊन जायचे. घरी काकू डबा घासता घासता सगळं ऐकून घ्यायच्या, आणि दुसऱ्या दिवशी डबा भरलेला नि डोकं रिकामं असे काका पुन्हा कामावर हजर. अठ्ठावीस वर्षं ही व्यवस्था बिनबोभाट चालली होती. त्या सोमवारी मात्र राग डब्याच्या पिशवीत मावेना.

काका वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. प्रमुख म्हणजे कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आणि काही फुटलं तर बोलणीही त्यांनाच. प्रयोगशाळेत एकतीस मायक्रोस्कोप होते. ते काकांना नंबराने ओळखता येत आणि स्वभावानेही. सात नंबरचा सकाळी जरा अडून बसतो, एकोणीसला डावीकडून उजेड लागतो, चोवीसच्या भिंगाला कुणी बोट लावलं तर काकांनाच कसंसं होतं. रोज संध्याकाळी ते एकेक भिंग मऊ फडक्याने पुसत आणि मगच घरी जात. विद्यार्थ्यांनी त्यांना भिंगकाका नाव ठेवलं ते चेष्टेने, पण काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं घेतलं होतं.

तर त्या सोमवारी प्रयोगशाळेच्या दारावर, बरोबर वेळापत्रकाच्या डोक्यावर खळ फासून, एक सूचना चिकटवलेली होती. विद्यापीठ समुद्रापलीकडे, परक्या देशात आपलं नवं संकुल उघडणार होतं. वर चित्र होतं. काचेची सात मजली इमारत, पुढे कारंजं, आणि कारंज्यापाशी पुस्तकं छातीशी धरून हसणारे तरुण-तरुणी. काकांनी ते चित्र बराच वेळ पाहिलं. आपल्या प्रयोगशाळेत चार नळांपैकी दोनच नळांना पाणी येतं, मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दाराला तीन वर्षं कडी नाही, एक मुलगी आत गेली की दुसरी बाहेर दार ओढून उभी राहते. आणि हे तिकडे कारंजं उडवणार. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती काकांच्या गुडघ्यापर्यंत आली.

उरलेली वाट तिने सूचनेच्या तिसऱ्या पानावर पार केली. तिथे 'पहिल्या टप्प्यात हलवायची सामग्री' अशी यादी होती आणि तिच्यात लिहिलं होतं: मायक्रोस्कोप, सुस्थितीतील, नग बावीस. सुस्थितीतील. उरलेल्या नऊंचे स्क्रू घसरत होते, ते इथेच राहणार होते. म्हणजे काकांनी जे जीव लावून जपलं ते जाणार, आणि जे त्यांच्या हाताबाहेर गेलं ते त्यांच्या पदरात. वर्गात अठ्ठावीस मुलं, दीड-दोन महिन्यांवर प्रात्यक्षिक परीक्षा, आणि मायक्रोस्कोप नऊ, तेही बघता बघता नळी खाली घसरणारे. काका तसेच विभागप्रमुख मॅडमकडे गेले. मॅडम म्हणाल्या, "मला काय विचारता? मलाही दारावरच कळलं."

सूचनेच्या शेवटी मात्र एक आशेचा तुकडा होता. या योजनेबद्दल जनतेचं मत मागवण्यात येत असून ते पंधरा दिवसांत लेखी द्यावं, असं म्हटलं होतं. काकांना वाटलं, विचारतायत तर सांगू. माणूस सज्जन असला की त्याला विचारणाऱ्याचा खरेपणा पटतो, हा सज्जनपणातला मोठा दोष आहे. त्यांनी मधल्या सुट्टीत डबा न उघडता एक पान लिहिलं. त्यात एकच वाक्य महत्त्वाचं होतं: 'हे मायक्रोस्कोप इथल्या मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेले आहेत, ते नेऊ नयेत.' खाली सही केली आणि ते बारनिशीच्या खिडकीत गेले. विद्यापीठात येणारा प्रत्येक कागद या खिडकीत शिक्का खातो आणि मगच पुढे मरायला जातो.

खिडकीतल्या बाईंनी पान वाचलं नाही, फक्त खालची सही पाहिली.

"तुम्ही इथलेच ना?"

"हो, वनस्पतिशास्त्र."

"मग तुमचं मत चालत नाही. मत जनतेचं मागवलंय. तुम्ही कर्मचारी."

"बाई, मी कर्मचारी साडेपाचपर्यंत. त्यानंतर जनताच असतो."

"साडेपाचला खिडकी बंद होते," बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात दुष्टावा अजिबात नव्हता, आणि त्याचाच काकांना जास्त राग आला. बाईंनी नियम काढून दाखवला. या खिडकीत एकट्यादुकट्याचं मत नोंदवलं जात नाही. निवेदन हवं, त्याखाली किमान शंभर सज्ञान नागरिकांच्या सह्या हव्यात, पत्त्यासकट. आणणारा कर्मचारी असला तरी हरकत नाही, कारण आणणारा म्हणजे केवळ आणणारा.

तेव्हा काकांनी सह्या गोळा करायचं ठरवलं. खरं तर एवढंसं काम. त्यांच्या इमारतीत छप्पन्न बिऱ्हाडं होती, शेजारच्या इमारतीत तितकीच. दोन संध्याकाळी, फार तर तीन. काकू म्हणाल्या, "अहो, सरळ जा आणि सरळ या. सेक्रेटरींच्या दाराची बेल तेवढी वाजवू नका." पण इमारतीत सह्या फिरवायच्या आणि सेक्रेटरींना वगळायचं म्हणजे लग्नघरात मामाला वगळण्यासारखं. काकांनी पहिली बेल तीच वाजवली.

इमारतीचे सेक्रेटरी कुठल्याशा मोठ्या कचेरीत पस्तीस वर्षं पत्रांचे मसुदे लिहून निवृत्त झाले होते. निवृत्तीनंतर त्यांना मसुद्यांची उपासमार होत होती. पाण्याची टाकी कधी धुणार याची दोन ओळींची सूचनासुद्धा ते 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरू करत. त्यांनी काकांचं पान हातात घेतलं, चष्मा लावला, आणि एखाद्या आजारी मुलाकडे बघावं तसं त्याकडे पाहिलं.

"हे पत्र नाही, हे भांडण आहे," ते म्हणाले.

"भांडणच आहे ते."

"असू दे हो. पण भांडण पहिल्या ओळीत करायचं नसतं. आधी समोरच्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं, मग फांदी हलवायची. पहिलं पान कौतुकाचं. विद्यापीठाची प्रगती, दूरदृष्टी, आम्हाला वाटणारा अभिमान. दुसऱ्या पानावर हळूच मुद्दा. पस्तीस वर्षांत मी एकही पत्र याविना सोडलं नाही."

त्यांतल्या किती पत्रांची कामं झाली, हे काकांनी विचारायला हवं होतं. पण ते दमलेले होते, सेक्रेटरींच्या सूनबाईंनी चहा आणून ठेवला होता, आणि चहा पिणाऱ्याला उलट बोलता येत नाही. सेक्रेटरी तासभर लिहीत होते. पहिलं पान तयार झालं तेव्हा ते इतकं गोड झालं होतं की काकांना वाचताना लाज वाटली. 'ज्ञानाची ही गंगा सागर ओलांडून पलीकडे जात आहे, हे पाहून आम्हा नागरिकांचा ऊर भरून येतो. या धाडसी पावलाचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो.' काकांचा ऊर भरून आला होता हे खरं, पण कशाने ते पत्रात नव्हतं.

"स्वागत कशाला?" काकांनी विचारलं.

"दुसऱ्या पानावर आपण ते काढून घेतो ना," सेक्रेटरी समजूत घालत म्हणाले. दुसऱ्या पानावर खरोखरच काकांचं वाक्य होतं. जसंच्या तसं, फक्त 'नेऊ नयेत'चं 'न नेण्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा' झालं होतं. त्यापुढे सह्यांसाठी आखलेले सहा कोरे कागद.

मग सुरू झाली दारोदार यात्रा. काकांना आजवर वाटायचं, जनमत म्हणजे काहीतरी एकसंध, भक्कम गोष्ट असते, मोजली की कळते. दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यांचा हा भ्रम गळून पडला. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडात आरसा धरूनच म्हणाले, "पण वाईट काय आहे त्यात? आपलं नाव बाहेर जातंय. माझ्या धाकट्याला तिकडेच पाठवीन म्हणतो, आपलेच लोक असतील, जेवणाखाण्याची ओळख राहील." काकांनी सांगितलं की तिथे त्या देशातली मुलं शिकणार आहेत, आपली नव्हेत. "मग आपल्या मुलांना काय फायदा?" डॉक्टर म्हणाले. काका म्हणाले, "तेच तर लिहिलंय." डॉक्टरांनी सही केली. खुर्चीतल्या रुग्णाने काहीतरी मत दिलं, पण तोंड उघडं असल्यामुळे ते नोंदवता आलं नाही. सही मात्र त्यानेही केली.

पहिल्या मजल्यावरच्या गृहस्थांना वाटलं होतं की परदेशातलं विद्यापीठ इथे येतंय. त्यांना ते फार आवडलं होतं. ते उलट आहे हे कळल्यावर ते काकांवरच चिडले, जणू काकांनी ते मध्येच वळवलं. त्यांच्या शेजारणीचं म्हणणं होतं की मोठ्या लोकांनी काही ठरवलं असेल तर विचार करूनच ठरवलं असेल. तिच्या सासूचं म्हणणं होतं की मोठे लोक तिकडे फिरायला मिळावं म्हणून हे काढतात, दर तीन महिन्यांनी पाहणीला जातील. दोघींनी एकाच पेनने एकाखाली एक सह्या केल्या. एका तरुणाने दार अर्धंच उघडून विचारलं, "लिफ्टसाठी आहे का?" काका नाही म्हणेपर्यंत त्याने सही करून दार लावलं होतं.

तिसऱ्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहत. इमारत त्यांना हेडबाई म्हणे. अख्ख्या इमारतीत पत्र मुळापासून शेवटापर्यंत वाचणाऱ्या त्या एकट्या. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?"

"मायक्रोस्कोप नेऊ नका, एवढंच."

"मग ते पहिल्या पानावर का नाही? पहिल्या पानावर तर तुम्ही आरती ओवाळलीय."

"सेक्रेटरी म्हणाले, अशीच पद्धत आहे."

"माझ्या शाळेत असं उत्तर लिहिणाऱ्या मुलाला मी शून्य देत असे," हेडबाई म्हणाल्या. तरी त्यांनी सही केली, कारण काकांचा चेहरा शून्य मिळालेल्या मुलासारखाच झाला होता. काकांना त्याच क्षणी पहिलं पान फाडून टाकावंसं वाटलं. पण तोवर अठ्ठ्याऐंशी सह्या झाल्या होत्या, आणि ज्या पत्राखाली लोकांनी सह्या केल्या ते नंतर बदलणं म्हणजे लबाडी. काका लबाडी करणाऱ्यांतले नव्हते. लबाडी करायला लागणारा मोकळेपणा त्यांच्याकडे कधीच नव्हता.

पाच संध्याकाळी गेल्या. एकशे त्रेचाळीस सह्या झाल्या. काकांचे पाय दुखायला लागले, आणि जिन्यात कुणी भेटलं की ते आधी पाठ फिरवायचं, कारण काकांच्या हातात फाईल दिसायची. चौदाव्या दिवशी त्यांनी ते निवेदन बारनिशीत दिलं. बाईंनी सह्या मोजल्या, पत्ते पाहिले, शिक्का मारला, पोच दिली. काका त्या दिवशी घरी गेले ते चक्क गुणगुणत. काकूंनी डबा घेतला आणि त्यांच्याकडे दोनदा वळून पाहिलं.

पुढच्या सोमवारी विद्यापीठाच्या फाटकावर फलक लागला. भला थोरला, दोन माणसांच्या उंचीचा. 'समुद्रापलीकडील संकुलास जनतेचा उत्स्फूर्त पाठिंबा. एकूण प्राप्त मते एकशे एक्कावन्न. बाजूने एकशे त्रेचाळीस. संदिग्ध आठ. विरोधी शून्य.' आणि खाली तिरक्या अक्षरांत: 'ज्ञानाची ही गंगा सागर ओलांडून पलीकडे जात आहे, हे पाहून आम्हा नागरिकांचा ऊर भरून येतो.'

काका फाटकात उभेच राहिले. मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याने भोंगा वाजवला, शिव्या घातल्या, शेवटी वळसा घालून गेला. एकशे त्रेचाळीस हा आकडा काकांना ओळखीचा होता. त्यातली एकेक सही त्यांना ओळखीची होती. लोकांना दारात उभं करून, जिन्यांत पाय झिजवून, त्यांनी स्वतःच्या हातांनी विद्यापीठाला सगळं जनमत गोळा करून नेऊन दिलं होतं. त्या सह्यांशिवाय बाजूने कोणीच नव्हतं.

बारनिशीतल्या बाईंनी शांतपणे नोंदवही उघडली. "हे बघा. निवेदन म्हणजे पहिलं पान. मागचं सगळं सहपत्र. सहपत्रं रेकॉर्ड रूमला जातात. पुढे जाते ती पहिल्या पानाची नक्कल आणि सह्या."

"पण हरकत दुसऱ्या पानावर आहे."

"मग ती रेकॉर्ड रूममध्ये सुरक्षित असेल."

"बाई, एकशे त्रेचाळीस लोक नको म्हणतायत आणि तुम्ही फाटकावर हो लावलंय."

"मी नाही लावलं. फलक दुसरा विभाग लावतो." बाईंनी डोळे वर केले आणि जरा आवाज खाली आणला. "काका, रोज दीडदोनशे कागद येतात. पहिलं पान वाचलं जातं, हेच खूप आहे." त्यांचंही खरंच होतं, आणि खरं बोलणाऱ्या माणसावर ओरडता न आल्यामुळे काकांचा राग आणखी एक मजला चढला.

मजला चढला तो थेट कुलसचिवांच्या दालनात. कुलसचिव साहेब उठून उभे राहिले, त्यांनी काकांचा हात हातात घेतला. "तुम्हीच का ते? इतक्या सह्या. आमच्या अख्ख्या प्रसिद्धी विभागाला परस्पर फिरून आठ मतं मिळाली हो, तीही संदिग्ध."

"साहेब, चूक झालीय. आम्ही विरोधात आहोत."

साहेबांनी हात सोडला नाही, फक्त तो पकडण्यातला जोर कमी केला. त्यांनी पोच पाहिली, पहिलं पान मागवून पाहिलं, दुसऱ्या पानाबद्दल ऐकून घेतलं. मग म्हणाले, "असं बघा, मत बदलायचा अधिकार जनतेला आहेच. पण मुदत गेल्या आठवड्यात संपली."

"मत बदललं नाही साहेब. ते पहिल्यापासून तेच आहे."

"मग मुदतीत ते वर का नाही लिहिलंत?" अठ्ठावीस वर्षं काकांनी सगळं दुसऱ्या पानावरच ठेवलं होतं, आणि हे त्यांना स्वतःशी कबूल करावं लागलं, तेही दुसऱ्याच्या दालनात, पंख्याखाली, हात साहेबांच्या हातात असताना. त्यांना स्वतःचाच इतका संताप आला की त्यांनी साहेबांचा हात गच्च दाबला. साहेबांनी ते भारावून जाणं समजलं. त्यांनी लगेच घंटी वाजवून आदेश लिहायला सांगितला: मायक्रोस्कोप बांधण्याचं काम काकांकडेच सोपवावं, कारण त्या नाजूक वस्तू दुसऱ्या कुणाला हाताळता येत नाहीत.

इमारतीत तर आणखीच शोभा झाली. सेक्रेटरींनी फलकाचा फोटो जिन्यात लावला. आपलं वाक्य दोन माणसांच्या उंचीचं झालेलं त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं. "मुद्दा पोचला नसेल, पण शैली पोचली," ते म्हणाले. दातांच्या डॉक्टरांनी धाकट्यासाठी वशिला लावाल का म्हणून विचारलं. लिफ्टसाठी म्हणून सही केलेला तरुण विचारायला आला की लिफ्ट कधी दुरुस्त होणार. आणि ज्या सासूने मोठ्या लोकांना नावं ठेवली होती ती जिन्यात थांबून म्हणाली, "तुम्ही आमची सही विकलीत." काका घरात जाऊन चप्पल न काढता खुर्चीत बसले. काकूंनी त्या दिवशी डबा मागितलाच नाही.

बांधाबांध चार दिवस चालली. काकांना ते निष्काळजीपणे करता आलं असतं. एक भिंग सैल ठेवलं असतं, कापूस कमी घातला असता, तर समुद्रापलीकडे निम्मे तुकडेच पोचले असते, आणि खरं सांगायचं तर ते त्यांच्या मनात आलं. पण सात नंबरचा हातात घेतला की हात आपोआप मऊ होई. शिव्या घालत घालत त्यांनी बावीसच्या बावीस मायक्रोस्कोप असे बांधले की कुणी तान्ह्या मुलालाही इतकं गुंडाळत नसेल. खोक्यांवर कुलसचिवांच्या सहीच्या कागदी पट्ट्या लागल्या, त्यावर लाख ओतली, शिक्का उमटला. 'पोचल्यावरच उघडावे' असं वर लिहिलं गेलं. आणि खोकी प्रयोगशाळेतच, खिडकीखाली रचून ठेवण्यात आली. कारण न्यायला गाडी आली नाही. पुढच्या आठवड्यातही आली नाही. मग कळलं की तिकडच्या काचेच्या इमारतीला अजून काचाच काय, जमीनसुद्धा मिळालेली नाही, बोलणी चालू आहेत.

म्हणजे मायक्रोस्कोप तिकडे नव्हते आणि इकडेही नव्हते. ते होते खिडकीखाली, वर्गापासून चार हातांवर, आणि मुलं त्यांच्या खोक्यांवर दप्तरं ठेवत होती. कुलसचिवांकडे काकांनी तीन चिठ्ठ्या पाठवल्या: गाडी येईपर्यंत तरी उघडू द्या. उत्तर आलं की सील तोडल्यास पुन्हा सील करण्याची तरतूद नाही.

परीक्षेला सहा दिवस उरले असताना कांद्याच्या मुळाचं प्रात्यक्षिक होतं. मुळाचं इवलंसं टोक रंगात बुडवायचं, काचेवर ठेवून दाबायचं आणि त्यात पेशी दुभंगताना शोधायच्या. सोपं काम नाही. नजर बसायला वेळ लागतो, आणि तोवर काचेवरचं पाणी सुकता कामा नये. अठ्ठावीस मुलं नऊ मायक्रोस्कोपांपुढे रांगा लावून उभी होती. पुढच्याने स्क्रू फिरवून नीट बसवलं की तो घसरे, मग मागचा पुन्हा पहिल्यापासून. काका या टेबलावरून त्या टेबलावर धावत स्क्रूला कागदाच्या घड्या लावत होते.

कोपऱ्यातल्या रांगेत शेवटी एक ठेंगणी मुलगी होती, कधी फारशी न बोलणारी. पाऊण तासाने तिचा नंबर आला. तिने डोळा लावला, काच सरकवली, पुन्हा डोळा लावला. मग काच हातात घेऊन ती काकांकडे आली. काचेवर जांभळा सुकलेला डाग उरला होता.

"काका, सुकलं सगळं. मला काही दिसलंच नाही." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "मी वहीत पुस्तकातली आकृती काढू का? बाकीच्यांनीही तेच केलंय."

"बाकीच्यांनी?"

"सगळ्यांनीच. मागच्या वेळीही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

काकांनी पलीकडच्या टेबलावरची वही उचलली. आकृती सुरेख होती. दुसरी उचलली, तीही तशीच सुरेख, अगदी तीच. सत्तावीस वह्यांत पुस्तकातल्या एकाच कांद्याचं एकच मूळ. न पाहिलेल्या गोष्टीखाली मुलं सही करत होती: 'प्रत्यक्ष निरीक्षण केले.' आणि ती खोटं बोलत होती ती काकांच्या मनाला जपण्यासाठी. आपल्या प्रयोगशाळेत मुलं चांगुलपणाने लबाडी शिकली, हे काकांना सोसवेना. इतक्या वर्षांत डब्यातून घरी गेलेला सगळा राग परत आला, आणि या वेळी तो कुठे न्यायचा नव्हता.

त्यांनी खणातून मोठा स्क्रू ड्रायव्हर काढला, खिडकीपाशी गेले, मुलांची दप्तरं एकेक करून बाजूला ठेवली, आणि पहिल्या खोक्यावरच्या लाखेखाली पातं घातलं. लाख फुटल्याचा आवाज फार मोठा झाला नाही. मुलं मात्र रांगा सोडून भोवती जमली.

"बघत काय उभे राहिलात," काका म्हणाले. "खोकी धरा. भिंगाला बोट लावाल तर याद राखा. आणि ताजी मुळं कापा सगळ्यांनी. वहीतली आकृती खोडा."

बातमी कुणी पोचवली ते कळलं नाही, पण अर्ध्या तासात कुलसचिव साहेब स्वतः आले. मागून विभागप्रमुख मॅडम, मागून शिपाई. जमिनीवर कापूस, लाखेचे तुकडे, साहेबांच्या सहीच्या फाटलेल्या पट्ट्या. खिडकीकडच्या टेबलांवर ओळीने एकतीस मायक्रोस्कोप आणि त्यांवर वाकलेली मुलं.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारलं.

"मी," काका म्हणाले.

"परिणाम माहीत आहेत? निलंबन होईल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत तुमची."

"माहीत आहेत. करा. पण तास संपेपर्यंत हळू बोला, मुलं बघतायत."

अठ्ठावीस वर्षांत काका साहेब लोकांशी असं बोलले नव्हते. मॅडम जमिनीकडे बघत होत्या. मग त्या पुढे गेल्या आणि एका मुलाची काच सरळ करून देऊ लागल्या. साहेब क्षणभर एकटेच उभे राहिले. ज्यासाठी हे सगळं झालं ती वस्तू तरी बघावी म्हणून म्हणा किंवा नंबर टिपून घ्यावा म्हणून म्हणा, ते जवळच्या टेबलाकडे गेले आणि तिथे बसलेल्या ठेंगण्या मुलीच्या खांद्यावरून वाकले.

तिने डोळा भिंगावरून उचलला नाही. मागे कोण आहे ते तिला ठाऊक नव्हतं. गेल्या तीन आठवड्यांच्या सवयीने तिला वाटलं, रांगेतला मागचा असेल.

"थांब ना जरा," ती म्हणाली, "आत्ता कुठे दिसायला लागलंय."

आणि कुलसचिव साहेब एक पाऊल मागे सरकून थांबले.